“माझ्याकडे दिलं की मान फिरवतो” : अपुऱ्या दिवसांचे बाळ, आई आणि आजी यांचे एक प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातील एका मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून सर्व नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बालविकास समुपदेशनाच्या कामात अशी कुटुंबे वारंवार भेटतात. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे, की त्यात कोणाचीही माया कमी पडलेली नव्हती, तरीही आईचा मुलावरील आणि स्वतःवरील विश्वास झपाट्याने ढासळत चालला होता.

पार्श्वभूमी

मेघनाचे सासर दांडिया बाजाराजवळच्या जुन्या मराठी वस्तीत आहे. घरात ती, पती रोहित आणि सासूबाई अशी तीन माणसे. रोहित मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो आणि मेघना अलकापुरीतील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला आहे. पहिले बाळंतपण माहेरी जळगावला करायचे ठरले होते. परंतु तिच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास झाल्याने ते सासरीच करावे लागले.

बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब एकदम वाढल्यामुळे तातडीने सीझर करावे लागले. बाळाचे वजन १,५४० ग्रॅम होते आणि त्याला सव्वीस दिवस नवजात अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. मेघनाने अर्णवला प्रथम पाहिले ते तिसऱ्या दिवशी, काचेतून. पुढेही तिला ठरावीक वेळेपुरतेच आत जाता येई. दूध काढून द्यायचे आणि परतायचे, असा तिचा दिनक्रम होता. उघड्या छातीवर बाळाला घेऊन बसण्याची कांगारू पद्धत, जी १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटना आग्रहाने सुचवते, ती तिला अखेरच्या चार-पाच दिवसांतच, तीही थोडा वेळ करता आली.

घरी आल्यावर बाळाचा ताबा आपोआप आजींकडे गेला. सुनेचा रक्तदाब अजून आटोक्यात नव्हता, टाक्यांची जागा दुखत होती, आणि बाळंतिणीने विश्रांती घ्यायची ही आजींची ठाम समजूत होती. तेल लावणे, पाय पसरून त्यावर बाळाला आडवे घेऊन न्हाऊ घालणे, वेखंड लावणे, दुपट्यात गुंडाळून झोपवणे हे सारे त्या निगुतीने करत. मेघनाच्या वाट्याला दूध पाजणे आणि रात्रीचे जागरण एवढेच उरले. घरातल्या कोणालाही यात काही वावगे वाटले नाही, आणि त्या आठवड्यांत ते वावगे नव्हतेही.

समस्या

अर्णव साडेचार महिन्यांचा असताना कुटुंब आमच्याकडे आले. मेघना म्हणाली, “माझ्याकडे दिलं की तो मान फिरवतो. आईंकडे गेला की हसतो. मी कोण आहे हेच त्याला कळत नाही.” जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळ छातीशी आले नाही तर नाते कायमचे कच्चे राहते, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिच्या बहिणीने इंटरनेटवर शोधून अर्णवला अनुबंधाचा, म्हणजे जवळच्या माणसाशी भावनिक नाते जुळण्याचा, विकार असावा असा निष्कर्षही कळवला होता. आजींचे म्हणणे होते, “लहान आहे तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” रोहित फारसे बोलला नाही, पाळी संपवून घरी येईपर्यंत बाळ बहुधा झोपलेले असे.

काळाचा एक दट्ट्याही होता. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बाळ आठ आठवडे आधी आल्याने ती रजा जन्मदिवसापासूनच मोजली जाऊ लागली आणि आता जेमतेम सहा आठवडे शिल्लक होते. “या सहा आठवड्यांत जमलं नाही, तर मग कधीच नाही,” असे मेघनाने मनाशी ठरवून टाकले होते.

पहिला निर्णय : आधी काय तपासायचे

बाळ बघत नाही, प्रतिसाद देत नाही अशी तक्रार आली, की नात्याविषयी बोलण्याआधी बाळाचे डोळे, कान आणि विकास पाहणे आवश्यक असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेवर होणे फार महत्त्वाचे असते; ती झाली होती आणि अहवाल चांगला होता. कानांची प्राथमिक चाचणीही झाली होती. मात्र अतिदक्षता विभागात इतके दिवस राहिलेल्या बाळाची बेरा चाचणी, म्हणजे आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचतो की नाही हे पाहणारी चाचणी, करावी लागते. ती घरी सोडतानाच्या कागदावर एका ओळीत लिहिलेली होती आणि राहून गेली होती. ती करून घेतली. ऐकणे सामान्य होते.

त्यानंतर वयाचा हिशेब मांडला, आणि या प्रकरणातील निम्मी भीती त्या एका हिशेबाने उतरली. आठ आठवडे लवकर जन्मलेल्या बाळाचा विकास मोजताना ते आठ आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे अर्णवचे सुधारित वय अडीच महिने होते. समोरच्या माणसाकडे पाहून दिलेले खरेखुरे हसू पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येते. अर्णवचे हसू अवघे काही आठवड्यांचे होते. आणि तो जागा व शांत असण्याचा बहुतेक वेळ आजींच्या मांडीवर जात असल्याने ते पहिल्याने त्यांना मिळाले. विकासाची चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, आम्ही बडोदा विकास चाळणी चाचणीने, सुधारित वय धरून केली. प्रमिला फाटक यांनी याच शहरातील बाळांच्या दीर्घ अभ्यासातून ही चाचणी सिद्ध केली, हे बडोदेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे मला वाटते. अर्णव तिच्यात नीट बसत होता.

बहिणीने पाठवलेल्या निष्कर्षाला उत्तर देणेही गरजेचे होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीनुसार एका विशिष्ट व्यक्तीला धरून राहणारा अनुबंध साधारण सहा-सात महिन्यांच्या पुढे स्पष्ट होतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी तो पाहण्यासाठी योजलेली ‘अपरिचित परिस्थिती’ ही पद्धत, जिच्यात आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परतल्यावर मूल कसे वागते हे पाहतात, एक वर्षाच्या आसपासच्या मुलांसाठी आहे. अडीच महिन्यांच्या बाळाला अनुबंधाचा विकार आहे असे म्हणण्यास काहीच आधार नसतो, कारण जे बिघडले असे म्हणायचे ते अजून घडलेलेच नसते. पहिल्या तासाविषयीचे मत अमेरिकी डॉक्टर मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांच्या १९७०च्या दशकातील कामातून पसरले. त्या कामामुळे प्रसूतिगृहांचे निर्दय नियम सैल झाले, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु तो काळ हुकला तर नाते हुकले, या टोकाच्या अर्थाची धार त्या दोघांनीही पुढे कमी केली.

दुसरा निर्णय : आईकडे पाहणे

मेघनाला जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करण्यासाठी तयार केलेल्या एडिनबरा प्रश्नावलीतील दहा प्रश्न मराठीतून विचारले. त्यांचे कमाल गुण ३० असतात; गुण जितके जास्त, तितकी नैराश्याची शक्यता अधिक. तिचे १४ आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो, आणि एकूण बेरीज कितीही असली तरी त्याचे उत्तर वेगळे पाहावे लागते. तिचे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते. ही प्रश्नावली निदान करत नाही. पुढे पाठवायचे की नाही हे ठरवायला मदत करते. आम्ही तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

येथे घरातून विरोध झाला. औषध सुरू केले तर अंगावरचे दूध बंद करावे लागेल, ही आजींची भीती होती. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे असतात, हे तज्ज्ञांनी त्यांना शांतपणे समजावले. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. पहिल्या टप्प्यात समुपदेशन, लोहाच्या गोळ्या आणि झोप यांवर भर द्यायचा आणि दोन आठवड्यांनी औषधाचा पुन्हा विचार करायचा असे ठरले. झोप हा येथे सौजन्याचा सल्ला नव्हता. मेघना कित्येक आठवडे सलग दोन तासांपेक्षा अधिक झोपली नव्हती, आणि अशा अवस्थेतील मनाला बाळाचे मान फिरवणे हे नकारासारखेच दिसते.

निरीक्षण

कुटुंबाच्याच फोनवर, त्यांच्या घरी, आई आणि बाळ यांचे काही मिनिटांचे चित्रण केले. मेघनाने अर्णवला मांडीवर घेतले, खुळखुळा वाजवला, तोंड अगदी जवळ नेले आणि त्याचे नाव घेत, टिचक्या वाजवत, न थांबता बोलत राहिली. अर्णवने क्षणभर पाहिले आणि मान उजवीकडे वळवली. तीही उजवीकडे झुकली. त्याने डावीकडे वळवली. खुळखुळा डावीकडे आला. त्याने जांभई दिली, हाताची बोटे ताठ पसरली, उचकी लागली आणि शेवटी पाठ कमानीसारखी करून तो रडू लागला.

बिॲट्रिस बीब आणि डॅनियल स्टर्न या संशोधकांनी १९७०च्या दशकात चित्रफितीची एकेक चौकट पाहून आई पुढे येते आणि बाळ मान चुकवते हाच क्रम नोंदवला होता. लहान बाळाला नजर वळवण्यावाचून फारसे साधन नसते. हृदयाचे ठोके, श्वास, जागेपण हे सगळे सांभाळत समोरचा चेहरा पाहायचा असतो, आणि आवेग पेलेनासा झाला की ते काही क्षण दुसरीकडे पाहून स्वतःला सावरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही विश्रांती अधिक वेळा लागते. आईने ती दिली, तर बाळ बहुधा आपणहून परत पाहते. मेघना प्रेमापोटी नेमकी तीच विश्रांती हिरावत होती, आणि जितका नकार वाटे तितकी अधिक जोराने हाक मारत होती.

आजींचे चित्रण याच्या उलट होते. अंघोळीनंतर त्या त्याला पायांवर तसाच ठेवून एखादी ओळ गुणगुणत आणि थांबत. त्याने हुंकार दिला, की “हो का? मग पुढं?” म्हणत. तो पंख्याकडे पाहू लागला, की त्याही पंख्याकडे पाहत. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

पर्याय

सर्वात सोपा पर्याय मेघनाने स्वतःच, आजी खोलीत नसताना सुचवला: सासूबाईंनी महिनाभर नाशिकला नणंदेकडे जाऊन राहावे. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाचाही हाच सल्ला होता. त्यामागचा तर्क असा, की बाळाची ओढ ठरावीक मापाची असते आणि आजींचा वाटा काढला की आईचा वाढेल. हा तर्क चुकीचा आहे. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोतील ६० बाळांचा दीड वर्षाच्या वयापर्यंत पाठपुरावा करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. अठराव्या महिन्यात केवळ एकाच व्यक्तीशी बांधलेली मुले अगदी थोडी होती. बहुतेकांना वडील, आजी-आजोबा, भावंडे अशी अनेक माणसे जवळची होती. कोण भरवते किंवा कोण अधिक तास जवळ असते, यापेक्षा बाळाच्या खुणांना कोण प्रतिसाद देते याला अधिक महत्त्व असल्याचे त्यांना आढळले. शिवाय सहा आठवड्यांनी मेघना कामावर जाणार होती. त्या वेळी अर्णवला ज्या माणसाची सर्वाधिक गरज लागणार, त्यालाच आता दूर पाठवणे बाळाच्या दृष्टीने घातक ठरले असते.

बिनपगारी रजा वाढवणे हा दुसरा पर्याय होता. तो आम्ही नाकारला नाही, परंतु पुढे ढकलला. उदास मनाने घरात अधिक काळ एकटीने झुंजणे तिला भाग पडू नये, अशी तज्ज्ञांची सूचना होती. वय वाढेल तसे सारे सुरळीत होईल म्हणून वाट पाहणे हा तिसरा पर्याय. बाळापुरता तो कदाचित चालला असता. आईची अवस्था पाहता तो धोक्याचा होता.

म्हणून चौथा मार्ग घेतला: आजी घरातच राहतील, काम आई आणि बाळ यांच्या देवघेवीवर होईल, आणि त्याच्या भेटी मोजक्या असतील. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये अशा अनेक उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले, की आईच्या संवेदनशीलतेवर नेमके बोट ठेवणारे थोड्या भेटींचे उपक्रम लांबलचक आणि सर्वस्पर्शी उपक्रमांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

कृती

चित्रण कोणाला काय दाखवायचे, हा या प्रकरणातील सर्वात नाजूक निर्णय होता. आजींची चित्रफीत उत्तम धडा ठरली असती. परंतु सासूसारखे कर, हा संदेश मेघनाच्या मनात अपुरेपणाची आणखी एक नोंद करून गेला असता. ती तिला दाखवली नाही. तिच्या स्वतःच्या चित्रफितीत दाराची घंटा वाजते, ती गप्प होऊन दाराकडे पाहते आणि त्या सात-आठ सेकंदांत अर्णव वळून तिच्या हनुवटीकडे, मग डोळ्यांकडे पाहतो. ते सेकंद आम्ही पुन्हा पुन्हा दाखवले आणि काय दिसते एवढेच विचारले. तिसऱ्यांदा पाहताना ती म्हणाली, “मी थांबले तेव्हा तो आला.”

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचे काम तिला येथेच सांगितले. आईने चेहरा निर्विकार ठेवल्यावर बाळ कसे अस्वस्थ होते, हे दाखवणारा त्यांचा प्रयोग अनेकांना ठाऊक असतो. त्यांचे दुसरे निरीक्षण तितकेच मोलाचे आहे: निरोगी आई-बाळांच्या जोड्यांतही सूर जुळलेला असण्याचा काळ सुमारे ३० टक्केच असतो. उरलेल्या वेळात चुकामूक होते, आणि ती पुन्हा जुळवून घेण्यातूनच बाळाला भरवसा येतो. हे ऐकून मेघना बराच वेळ रडली आणि नंतर प्रथमच तिने स्वतःहून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

दिनक्रमात बदल थोडेच केले. अर्णव दुपारी चारच्या सुमारास, झोप आणि दूध झाल्यावर, शांत आणि जागा असे. तो वेळ मेघनाचा ठरला. खुळखुळा बाजूला ठेवायचा, तोंड वीतभर लांब ठेवायचे, तो पाहील तेव्हा बोलायचे आणि मान वळवली तर मनात सावकाश दहा मोजत थांबायचे, एवढाच नियम. अंघोळ आजींच्याच हाती राहिली, कारण तो हात सराईत होता आणि ते काम काढून घेणे हा त्यांचा अपमान ठरला असता. अंग पुसून दुपट्यात घेतल्यावर मात्र बाळ सरळ मेघनाच्या छातीशी, झबले न घालता. ही कल्पना आजींची. “मी न्हाऊ घालते, निजव तू,” असे त्या आपणहून म्हणाल्या. मेघनाला गाता येत नव्हते. म्हणून ती पाढे म्हणत असे, आणि अर्णव बेचे पाढे ऐकत झोपू लागला.

रोहितने पाळी बदलून घेतली. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधाचे आणि त्याच्या हातचे झाले. त्यामुळे मेघनाला सलग चार-पाच तास झोप मिळू लागली. घरातील एकाही औषधाने इतक्या लवकर इतका फरक पडला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या दोन आठवड्यांत कामावर जाण्याचा सराव केला. आधी तासभर, मग अर्धा दिवस. बाळ रडू नये म्हणून आईने नजर चुकवून निघावे, अशी आपल्याकडे रीत आहे. अर्णव अजून रडण्याच्या वयाचा नव्हता, तरी निरोप घेऊन जाण्याची सवय आताच लावायची ठरले. आठव्या-नवव्या महिन्यात आई दिसेनाशी झाल्याचे मुलाला कळू लागते. तेव्हा न सांगता नाहीशी होणारी आई त्याला सतत पहाऱ्यावर ठेवते.

निष्पत्ती

मेघना ठरल्या दिवशी कामावर रुजू झाली. दोन आठवड्यांनंतरच्या फेरतपासणीत तज्ज्ञांना औषधाची गरज वाटली नाही. तीन महिन्यांनी एडिनबरा प्रश्नावलीचे गुण ६ होते. दूध मात्र कमी होत गेले आणि वरचे दूध सुरू करावे लागले. याचे तिला वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

सुधारित वयाच्या नवव्या महिन्यात अर्णव सकाळी ती निघताना रडू लागला. ज्या रडण्याची तिने एकेकाळी आस धरली होती, ते आता रोज सोसावे लागत होते. निरोप मात्र तिने चुकवला नाही.

वर्षाचा झाल्यावर तो आमच्या खोलीत आला तेव्हा मेघनाच्या मांडीवरून उतरून खेळण्यांकडे गेला, दोनदा वळून ती आहे ना हे पाहिले, बाहेर दार जोरात आपटल्यावर तिच्याकडे धावला आणि थोड्याच वेळात पुन्हा खेळायला गेला. ही औपचारिक चाचणी नव्हती आणि तिच्यावरून कोणतेही वर्गीकरण आम्ही केले नाही. झोप आली की तो आजींकडे जातो, हेही त्याच भेटीत दिसले. मेघनाने ते हसून सांगितले.

वेगळे काय करता येईल

आजींच्या मनाचा विचार या आखणीत उशिरा आला. संध्याकाळी मेघना घरी आली की दिवसभर सांभाळलेले बाळ हात पसरून तिच्याकडे झेपावू लागले, आणि आजी काही दिवस मुक्या झाल्या. रोहितने हे सांगितल्यावर त्यांच्याशी स्वतंत्र बोलणे झाले. अशा कुटुंबात आजी ही बाळाची दुसरी आधारव्यक्ती असते. तिच्यासाठी स्वतंत्र भेट पहिल्या आठवड्यातच ठेवणे योग्य ठरेल. तिची चित्रफीत सुनेला दाखवू नये, पण तिला स्वतःला दाखवावी. आपल्या हाताला काय येते हे तिलाही कळावे.

कांगारू पद्धत केवळ आईनेच करायची नसते. आई आजारी असताना वडील किंवा आजी बाळाला छातीशी घेऊ शकतात. रोहित त्या सव्वीस दिवसांत रोज औषधे आणून देई आणि बाहेरच्या बाकावर बसून राही. त्याला आत बोलावले असते, तर बाळाला उपयोग झालाच असता; शिवाय पुढे कित्येक महिने तो स्वतःला पाहुणा समजत राहिला नसता.

घरी सोडतानाच्या कागदावर सुधारित वय कसे मोजायचे हे दोन ओळींत लिहिता येते, आणि बेराची नोंद तारखेसह, ठळक अक्षरांत करता येते. आणखी एक बदल खर्चाशिवाय होण्याजोगा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचेही लसीकरण जन्मतारखेनुसारच होते, म्हणून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आई दवाखान्यात येतेच. मेघना तिन्ही वेळा आली होती. प्रत्येक वेळी बाळाचे वजन झाले, लस झाली, पुढची तारीख मिळाली. तिला स्वतःला कोणी काही विचारले नाही. एडिनबराचे दहा प्रश्न रांगेत बसल्याबसल्या, पाच मिनिटांत भरून होतात. ते सहाव्या आठवड्यात विचारले गेले असते, तर तिचे उपचार तीन महिने आधी सुरू झाले असते.